हंडीत कवठ कमी पडलं

कवठ पिकलं आहे की नाही, हे माझी सासू कानांनी ओळखत असे. हातभर उंचीवरून ते अंगणात सोडायचं. टणकन उडालं तर कच्चं, ते परत टोपलीत. धप्प करून जागीच बसलं तर पिकलं, ते हंडीला. त्या सकाळी ती ओट्यावर पाय सोडून बसली होती, एकेक कवठ खाली टाकत होती, आणि मी अंगणाच्या कोपऱ्यात खड्ड्यापाशी बसून रानडुकराच्या मांसाला हळद-मीठ चोळत होते. हात कोपरापर्यंत चरबीनं माखलेले. मनात एकच घोकणं चालू होतं: आज बाबा येऊ नयेत. उद्या यावेत, परवा यावेत, हवं तर आणखी आठवडाभरानं यावेत, पण आज नको.

एरवी मी वैशाखापासून त्यांचीच वाट पाहत होते. माझं लग्न वैशाखात झालं. सासर अनसिंगजवळच्या एका लहान गावात, माहेर शिरपूरच्या बाजूला, आणि मधे वाशीम. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातला एक तालुका होता, पण माझ्या लेखी शिरपूर आणि अनसिंग यांच्यामध्ये सगळं जग पसरलेलं होतं. नागपंचमीला मला माहेरी धाडायचं ठरलं, तर नाल्याला पूर आला. दिवाळीला धाडायचं ठरलं, तर कापूस फुटला. पहिली दिवाळी माहेरची असते, हे मी नवऱ्याकरवी सासूच्या कानावर घातलं. ती म्हणाली, "कापूस काय मुराळ्याची वाट पाह्यते? फुटला का वेचाच लागते." मी वेचला. बोटांना बोंडांची टोकं लागून कातडी सोलली, आणि माहेरच्या पणत्या मी शेतात कापूस वेचता वेचताच लावल्या, मनातल्या मनात. शेवटी तुळशीचं लग्न झालं की मुराळी पाठवा असा निरोप गेला. मुराळी म्हणजे सुनेला माहेरी न्यायला येणारा माणूस. मला भाऊ नव्हता, म्हणजे बाबाच येणार.

त्या घरची एक रीत होती. मुराळी घरात जेवल्याशिवाय सून उंबरा ओलांडत नसे. मुराळ्यानं नुसता चहा घेतला, पाय दुखतात म्हणून झोपला, एकादशी आहे म्हणाला, काही चालायचं नाही. अन्नाला हात लावला नाही म्हणजे घराला नाव ठेवलं, आणि ज्यानं घराला नाव ठेवलं त्याच्याबरोबर सून कशाला धाडायची? माझ्या मोठ्या नणंदेच्या सासरीही हीच रीत होती. त्यामुळे सासू त्या रीतीचा जाच जाणून होती, आणि तरीही ती तिनं आपल्या घरात चालवली. माणसं अशीच असतात.

आणि माझे बाबा माळकरी. गळ्यात तुळशीची माळ. ज्या चुलीवर मांस शिजलं तिथलं पाणीसुद्धा न घेणारे.

मग अशा माणसानं आपली मुलगी मांसाहारी घरात कशी दिली, असं कुणी विचारेल. जमीन होती, विहीर होती, मुलगा निर्व्यसनी होता. बैठकीत सासऱ्यांनी उघड सांगितलं होतं, "आमी खातो बुवा. लपवत नाई. पण तुमच्या पोरीले कोणी खाय म्हणणार नाई." बाबांनी मान हलवली आणि सुपारी फुटली. सासरच्यांनी तो शब्द शेवटपर्यंत पाळला. मला कुणीही कधी खा म्हटलं नाही. घोटाळा नेमका तिथंच झाला.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी कर असते. त्या दिवशी आमच्या सासरी कोंबडं शिजायचं. सासूनं माझ्यासाठी वेगळी डाळ केली होती. मी शहाण्या मुलीसारखी डाळ-भाकर खाल्ली. मग सगळ्यांची जेवणं झाल्यावर भांडी घासायला बसले, तर कढईच्या बुडाशी मसाला लागलेला होता. तो मी भाकरीच्या तुकड्यानं पुसला आणि तोंडात घातला. मग दुसरा तुकडा. सासू दारात कधी येऊन उभी राहिली ते मला कळलं नाही. पुढच्या खेपेला तिनं डाळ केली नाही, आणि माझ्या ताटाच्या कडेला न बोलता मांसाची एक फोड ठेवली. कुणी जबरदस्ती केली असती तर मी रडले असते, माहेरी जाऊन सांगितलं असतं आणि सुटले असते. पण मी आपणहून खाल्लं होतं, आणि ते मला आवडलं होतं. या आवडण्याची मला जी लाज वाटायची तिला तोड नव्हती. रोज तुळशीला पाणी घालताना मी तिच्याकडं पाहत नसे.

आता त्या दिवसाचं सांगते. ज्वारी हुरड्यावर आली होती आणि रानडुकरं रोज वावरात शिरत होती. गावच्या माणसांनी कुत्री घालून, भाले घेऊन एक मोठा नर अडवला, आणि तो पडला नेमका आमच्या वावरात. ज्याच्या वावरात डुक्कर पडलं त्याच्या अंगणात हंडी लागते, आणि शिकारीला गेलेली सगळी माणसं तिथं जेवतात, असा तिकडचा कायदा. हंडी टाळता येत नाही आणि पुढंही ढकलता येत नाही. आणि त्या घरात हंडी लावायची सुनेनं. मी एकदा हळूच म्हटलं, आज-उद्यात बाबा यायचे आहेत. सासू म्हणाली, "येऊ दे. गावात हिंडते ते डुक्कर. रानातलं ते डुक्कर नाई, वराह हाय. देवाचा अवतार." देवाच्या अवताराला हळद-मीठ चोळायला तिनं मला बसवलं.

ती हंडी लावणं म्हणजे दिवसभराचं काम. अंगणात गुडघाभर खड्डा. त्यात खाली तुरीची वाळकी तुराटी, वर गोवऱ्या. गोवऱ्यांचा निखारा झाला की मातीची मोठी हंडी त्यात बसवायची. मांस कातडीसकट, चरबीसकट. लसूण ठेचलेला, सुकं खोबरं भाजून वाटलेलं, मिरच्या, काळा मसाला. पाणी जवळजवळ नाहीच, चरबीतच शिजायचं. तोंडावर मातीची परळ ठेवून कडेनं भिजवलेलं पीठ लिंपायचं, म्हणजे वाफ बाहेर जात नाही. मग जाळ नको, फक्त धग. दुपारपर्यंत ती आतल्या आत बुडबुडत राहते. दुपारी लेप काढायचा, कवठाचा गर आणि गुळाचा खडा आत घालायचा, आणि पुन्हा लिंपून टाकायची ती संध्याकाळपर्यंत. कवठ आधी घातलं तर मांस आखडतं. उशिरा घातलं तर चरबी जीभ सोडत नाही. नीट जमलं तर आंबट, गोड आणि तिखट यांतलं काय आधी लागलं ते सांगता येत नाही. हिवाळा तोंडावर आला की मला अजून तो वास येतो, आणि वासाच्या मागोमाग ती दुपार येते.

कवठ घालून, हंडी दुसऱ्यांदा लिंपून मी हात धुवायला उठणार, तेवढ्यात फाटकाशी बाबा उभे दिसले. डोक्याला पांढरं मुंडासं, काखेत पिशवी, पायांवर धूळ. मी उठले आणि तशीच पुन्हा खाली बसले. बांगड्या कामात मधे येत होत्या, पण वर सरकत नव्हत्या. मनगटापासून बोटांपर्यंत हळद आणि चरबी. मी दोन्ही हात पदराखाली घेतले आणि पदर आवळून धरला.

"बरी हाय काय वं बाई?" बाबांनी विचारलं. ते चेहऱ्याकडं पाहत नव्हते. पदराखाली हात होते, तिथं पाहत होते. मला वाटलं, वास आला. मला वाटलं, पदरातून पिवळे डाग दिसतात. खाई त्याला खवखवे म्हणतात, तसं झालं. मी नुसती मान हलवली आणि पाया पडायलासुद्धा गेले नाही. वैशाखापासून ज्याची वाट पाहिली त्या माणसाच्या पाया पडायला माझ्याकडं हात नव्हते.

सासू मात्र मुरलेली बाई. तिनं ओट्यावर घोंगडी अंथरली, पाणी आणलं, "बसा इवाईबुवा" म्हणाली. बाबा बसले. पाणी शेजारी ठेवलं, प्यायले नाहीत. धग आणि कवठाचा वास साऱ्या अंगणात भरला होता.

"काय शिजून राह्यलं?" बाबांनी विचारलं.

सासूनं क्षणभर माझ्याकडं पाहिलं. ते पाहणं मी ओळखलं. हा माणूस जेवला नाही तर तू जात नाहीस आणि माझ्या घराला नाव पडतं, असं त्यात होतं. आणि त्या खमक्या बाईनं माझ्यासाठी, किंवा घरासाठी, सरळ थाप मारली.

"मुरंबा हाय. कवठाचा."

"येवढ्या मोठ्या हंडीत?"

"घर मोठं हाय आमचं."

"अरे वा," बाबा म्हणाले. "मंग जातानी वाडगाभर द्या. पोरीच्या मायले कवठाचा मुरंबा लय आवडते."

सासू म्हणाली, अजून कच्चा आहे. बाबा म्हणाले, थांबतो की, आज मुक्कामच आहे. सासू म्हणाली, मुरंबा मुरायला महिना लागतो. बाबा म्हणाले, मग त्याला आजच एवढी धग कशाला? मी जमिनीकडं पाहत होते. धरणीनं पोटात घ्यावं म्हणतात ना, तसं मी खरंच त्या खड्ड्याकडं पाहिलं, पण तिथं आधीच डुक्कर होतं.

झाकली मूठ अजून थोडा वेळ झाकलेली राहिली असती. पण सासरे वावरातून आले. त्यांना ऐकू कमी यायचं, आणि कमी ऐकू येणाऱ्या माणसाला सगळं जग बहिरं वाटतं. त्यांनी फाटकातूनच आवाज दिला. तो आमच्या आळीत सगळ्यांनी ऐकला असणार.

"सूनबाई! डुकराले वाफ सुटली काय? भूक लागून राह्यली!"

त्यानंतर अंगणात फक्त हंडीचं बुडबुडणं ऐकू येत होतं. सासऱ्यांना ओट्यावरचे पाहुणे दिसले आणि त्यांच्या हातातली काठी खाली गेली. सासूनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. त्या बाईची मान खाली गेलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. माझं तर सगळंच संपलं होतं. बाबा आता उठतील, मुंडासं सारखं करतील, "येतो" म्हणतील आणि फाटकातून निघून जातील. मी पुढच्या आषाढापर्यंत इथं. आणि तेही परवडलं असतं. पण शिरपूरला जाऊन ते मायला सांगतील की पोरगी डुकराच्या हंडीपाशी बसली होती, आणि माय काही न बोलता देवापुढं बसून राहील. ते माझ्यानं सहन होत नव्हतं.

बाबा उठले खरे. पण फाटकाकडं न जाता माझ्याकडं आले, खड्ड्याच्या पलीकडं उकिडवे बसले. गळ्यातली माळ धगीवर लोंबत होती, ती त्यांनी सदऱ्यात सारली. हंडीकडं कान केला. नाकानं वास घेतला. मग सासूकडं वळून म्हणाले, "इहीनबाई, हंडीत कवठ कमी पडलं."

सासूतली बाई जागी झाली. "माळकरी बुवाले काय मालूम डुकरात कवठ किती पडते ते?"

"माळ काय आईच्या पोटातून घालून आलो काय मी? आंधी आमच्या गावची हंडी मीच मांडो." ते माझ्याकडं वळले. "लेप काढ बाई. दोन कवठं अजून घाल. फोड, माया समोर फोड."

दुसऱ्यांदा लिंपलेली हंडी उघडत नाहीत. सासू तसं म्हणालीही. पण मुरंब्याची थाप नुकतीच उघडी पडली होती, त्यामुळे तिच्या बोलण्यात जोर नव्हता. मला हलावंच लागलं. पदर सोडला. ते दोन्ही हात बाहेर आले, पिवळे, तुपकट, घाणेरडे, माझ्या बापाच्या नाकासमोर. मी दगडावर कवठ आपटलं. फुटेना. पुन्हा आपटलं. दोन्ही हातांनी ते उकललं, बोटांनी गर काढला, हंडीत घातला. दुसरं कवठ फोडलं. एवढा वेळ बाबा माझ्या हातांवरून नजर हलवत नव्हते. डोळे उचलून त्यांच्या तोंडाकडं पाहायची माझी हिंमत नव्हती. ते उठले तेव्हा त्यांच्या गुडघ्यांचा आवाज तेवढा ऐकला.

"आता बरोबर झालं," ते म्हणाले. मग ओट्यावर जाऊन त्यांनी मघाशी ठेवलेलं पाणी उचललं आणि गटागटा प्यायले.

"इहीनबाई, हंडी अंगणात हाय, चूल घरात हाय. घरातल्या चुलीवरची भाकर आन वाटीभर दूध द्या. मी जेवतो."

दिवस मावळायच्या बेताला पंगत बसली. बाबांसाठी सासूनं आत देवघराजवळ पाट मांडला होता. तो त्यांनी स्वतः उचलून बाहेर आणला आणि शिकारीच्या माणसांच्या रांगेत मांडला. दोन्ही बाजूंना हंडीची ताटं, मधे त्यांची दूध-भाकर. ते खाली मान घालून जेवले, एकेक घास सावकाश. माळकऱ्याला ते किती जड गेलं असेल, हे कळण्याइतकी मी मोठी होते. माझ्यामुळे त्यांच्यावर ही वेळ आली होती.

हंडी मात्र आंबट झाली होती. इतकी, की माणसं पहिल्या घासाला एक डोळा मिटत होती. पण हंडीत हात पाहुण्याचा, तोही सुनेच्या बापाचा. त्यामुळे सगळे "वा" म्हणत होते आणि गुळाचा खडा मागून घेत होते. मामाजींना, म्हणजे सासऱ्यांना, हळू बोलता येत नसे. ते म्हणाले, "दात आंबले!" आणि मग कुणाला हसू आवरलं नाही. बाबाही हसले.

मग आम्ही बायका बसलो. सासूनं माझ्या ताटात नेहमीसारखी फोड घातली. मी ओट्याकडं पाहिलं. बाबा तिथं सुपारी कातरत बसले होते, तोंड आमच्याकडं. माझा हात ताटात तसाच राहिला. त्यांनी ते पाहिलं असावं, कारण ते उठले, घोंगडी झटकली आणि रस्त्याकडं तोंड करून, आमच्याकडं पाठ फिरवून बसले. त्यांच्या पाठीकडं पाहत मी जेवले. लाजेनं घास उतरत नव्हता असं लिहिलं तर शोभून दिसेल, पण उतरत होता. दिवसभर धगीपाशी बसून मला कडाडून भूक लागली होती, आणि त्याचीच लाज जास्त वाटत होती.

सकाळी सासूनं माझी ओटी भरली आणि आम्ही निघालो. अनसिंगच्या मोटार-थांब्यापर्यंत चालत. माझं गाठोडं बाबांच्या डोक्यावर, मी मागं. दोन्ही बाजूंना ज्वारी. ते कधी बोलतील आणि काय बोलतील, याची वाट पाहून मी थकले आणि शेवटी मीच तोंड उघडलं.

"बाबा, हंडी आंबट झाली."

"होईनच. कवठ बरोबर होतं."

"मंग कमी पडलं काहून म्हटलं?"

ते थांबले. गाठोडं खाली ठेवलं. "तू हात काहून झाकले वं? मी आलो, तू हात पदरात घेतले. मले वाटलं, बांगड्या सैल झाल्या. पोरगी वायली, खंगली आन बापाले दाखवून नाई राह्यली. मंग मी काय करू? सासूसमोर हात दाखव म्हणू?"

मला काही समजेना. मी हात चरबीमुळे झाकले होते, आणि ते बांगड्या पाहत होते.

मग त्यांनी सांगितलं. बांधावर बसून, ज्वारीकडं पाहत. माझ्याकडं पाहिलं नाही. "तुयी माय लगन होऊन आली तवा आमच्या घरी सारं चाले. तिच्या माहेरी माळ. ती रांधे, वाढे, पण तोंडात काई घाले नाई. घरात एकच कालवण होये. तिच्यापुरती डाळ कोन करन? ती बी सांगे नाई. मिठासंगं भाकर खाये, नाईतं तशीच निजे. मले मालूमच नाई. मी हंडीवर ताव मारून झोपो. एक डाव पाणी वाढतानी तिनं हात वर केला, तं बांगड्या मनगटावरून सरकून कोपरालोग गेल्या. तवा दिसलं मले."

"मंग?"

"मंग माळ घातली."

"मायसाठी?"

"देव काय, कोठीबी हाय," बाबा म्हणाले. "पण घरच्या मालकानं माळ घातली का घरात डाळ शिजते."

त्यांनी गाठोडं उचललं आणि चालू लागले. मी मागून चालत होते आणि मला रडू येत होतं, पण कुणासाठी ते ठरवता येत नव्हतं. हा माणूस वैशाखापासून शिरपूरला बसून याच घोरात होता की आपली पोरगी मीठ-भाकर खाऊन झोपते की काय. आणि मी वैशाखापासून पोटभर जेवत होते आणि पोळ्यापासून त्याची लाज बाळगत होते.

"मायले सांगू नोका," मी थांब्यावर म्हणाले.

"मी कायले सांगू?" ते म्हणाले.

मोटारीनं वाशीम, पुढं दुसऱ्या मोटारीनं शिरपूर. घरी पोचलो तेव्हा माय दारातच होती. मला जवळ घेतलं, माझं डोकं तिच्या खांद्यावर आलं, आणि तिचा श्वास एकदम थांबला. मी अंगावरचं लुगडं बदललं होतं, हात राखेनं घासले होते, पण केसांचं काय करणार? दिवसभर हंडीच्या धगीत बसलेले केस. कवठ आणि चरबी. तो वास या घरात मायइतका कुणालाच ओळखीचा नव्हता. बाबा गडबडीनं पिशवी ठेवायला आत गेले.

मायनं चुलीवर पाण्याचं भांडं चढवलं, शिकेकाई उकळली, मला न्हाणीत दगडावर बसवलं. माझ्या केसांत बोटं घालून ती घासत राहिली, एकदा, दोनदा, पुन्हा. मी डोळे मिटून घेतले होते. विचारलं तर काय सांगायचं, हे मी शोधत होते. जबरदस्ती झाली असं सांगितलं तर सासूवर आळ, आवडतं असं सांगितलं तर हिचं मन मोडायचं. शिकेकाई डोळ्यांत गेली, आणि त्या निमित्तानं मी रडून घेतलं.

पाणी ओतून झालं. मायनं माझा उजवा हात आपल्या मांडीवर घेतला. मला वाटलं, नखांतली हळद पाहते आहे. पण ती मनगटावरची बांगडी धरून फिरवत होती. लग्नात भरलेला हिरवा चुडा. तिनं बांगडी इकडं फिरवून पाहिली, तिकडं फिरवून पाहिली. फिरत नव्हती, मांसात रुतली होती. तिनं दुसरी पाहिली. तीही फिरत नव्हती.

"लय घट झाल्या," ती म्हणाली. "कासाराले बोलवू. मोठ्या मापाच्या भर."

मी मान वर करून पाहिलं. माझा तो हात दोन्ही हातांत धरून माय माळेसारखी एकेक बांगडी चाचपत होती.

"खात जाय वं बाई," ती म्हणाली. "जे शिजन ते खात जाय."